इसेचे देवालय

जपानमध्ये इसे या नगरात सूर्यदेवता अमातेरासू हिचे पुरातन देवालय आहे. शिंतो धर्माचे लोक ते सर्वांत पूज्य मानतात. पुरातन म्हणावे, तर त्याचे लाकूड फार जुने नाही. नवे म्हणावे, तर त्याची घडण तेराशे वर्षांपूर्वीची! हे कोडे कसे सुटते ते पाहू; पण आधी यात्रेकरूंसह आत जाऊ या.

इसुझू नदीवरील लाकडी पूल ओलांडला, की देवालयाचे आवार लागते. पुलाच्या दोन्ही टोकांना 'तोरी' आहे. दोन उभे खांब व त्यांवर आडव्या तुळया, असे हे प्रवेशद्वार. तेथे लवून नमस्कार करावयाचा. पुढे नदीच्या पाण्याने हात धुवून चूळ भरावयाची. मग प्रचंड सुगी वृक्षांच्या छायेतून, पायांखाली खडी करकरत असता, यात्रेकरू मुकाट्याने चालतात. दगडी पायऱ्या चढताच देवतेची मूर्ती दिसेल असे आपणांस वाटते; दिसतो तो एक पांढरा पडदा. वाऱ्याने तो हलला, तर आतील अंगण क्षणभर दृष्टीस पडते, एवढेच. तेथे दोनदा लवावे, दोनदा टाळी वाजवावी व पुन्हा एकदा लवावे. झाले दर्शन!

आता ते कोडे. देवालयाशेजारी तेवढीच एक मोकळी जागा राखलेली असते. दर वीस वर्षांनी तेथे हिनोकी वृक्षाच्या लाकडाचे, गवताने शाकारलेले, हुबेहूब तसेच देवालय उभारतात आणि रात्रीच्या काळोखात देवतेला नव्या घरी नेतात. निघण्यापूर्वी एक पुजारी कोंबड्यासारखा तीनदा आरवतो. सूर्यदेवता रागावून गुहेत दडली, तेव्हा तिला बाहेर आणण्यासाठी कोंबडे आरवविले होते, अशी कथा आहे.

हा विधी इ. स. ६९० मध्ये प्रथम झाला. वीसच वर्षे का, याची अनेक कारणे सांगतात. त्यांतील एक मनाला पटते. पहिल्या खेपेस हाताखाली शिकलेला तरुण सुतार दुसऱ्या खेपेस इतरांना शिकवू शकतो. पण १४६२ नंतर देशात यादवी माजली, पैसा उरला नाही, आणि हा क्रम खंडित झाला. बौद्ध भिक्षुणींनी ठिकठिकाणी हिंडून वर्गणी जमविली, तेव्हा १५८५ मध्ये पुन्हा देवालय उभे राहिले. मागचे बांधणारा एकही कारागीर तोवर हयात नव्हता! बासष्टावा विधी २०१३ साली झाला.

जुने लाकूडही वाया जात नाही. पुलाच्या पैल टोकाच्या ज्या तोरीखालून आपण आत आलो, तिचे खांब म्हणजे मागील देवालयाचे आढे पेलणारे खांबच होत.