‘आय-फाइव्ह’च्या पुढचा आकडा

बारावीचा निकाल लागला, की वाशीच्या लॅपटॉप दुकानांत पालकांचा पहिला प्रश्न ठरलेला असतो: “आय-फाइव्ह आहे ना?” दुकानदार हो म्हणतो आणि ते खरंही असतं. पण इंटेलचा आय-फाइव्ह प्रोसेसर लॅपटॉपांत २०१० साली आला आणि पुढे वर्षानुवर्षं नव्या पिढ्यांत निघत राहिला. खरी मेख पुढच्या आकड्यांत आहे.

त्यांच्याकडे वळण्याआधी नव्या यंत्रांचं बघू. नव्याकोऱ्या स्वस्त लॅपटॉपांत अनेकदा चार जीबी रॅम आणि ६४ जीबी ईएमएमसी साठवण देतात. विंडोज ११ची किमान अट नेमकी एवढीच, म्हणजे यंत्र पहिल्या दिवसापासून काठावर. त्यातली साठवण मदरबोर्डवरच जोडलेली असल्यामुळे पुढे वाढवताही येत नाही. अभ्यास आणि ऑफिस दोन्ही करायचं तर आठ जीबी रॅम आणि २५६ जीबी एसएसडी याखाली उतरू नये.

एवढं बजेट नसेल, तर कंपन्यांतून निघालेला जुना लॅपटॉप बघावा. वाशीकरांना हे सोयीचं आहे. महापे, ऐरोलीपर्यंतच्या पट्ट्यात शेकडो ऑफिसं आहेत आणि मोठ्या कंपन्या तीन-चार वर्षांनी लॅपटॉप बदलून लॉटमध्ये विकतात. थिंकपॅड, लॅटिट्यूड, एलिटबुक ही मंडळी रोज दहा तास राबण्यासाठीच घडवलेली असतात.

इथेच डोळ्यांत तेल घालून बघावं लागतं. थिंकपॅड टी-४७० आणि टी-४८० शेजारी ठेवले, तर वरून फरक सांगणं कठीण. टी-४७० मध्ये सहाव्या किंवा सातव्या पिढीचा प्रोसेसर, दोन कोअरचा. टी-४८० मध्ये बहुधा आठव्या पिढीचा, चार कोअरचा. ‘आय-५-७२००यू’ मधला ७ म्हणजे सातवी पिढी, ‘आय-५-८२५०यू’ मधला ८ म्हणजे आठवी. दहाव्या पिढीपासून पहिले दोन आकडे धरायचे. मायक्रोसॉफ्टनं १४ ऑक्टोबर २०२५ रोजी विंडोज १०चा नियमित आधार थांबवला आणि इंटेलचे मोजके अपवाद सोडले तर विंडोज ११ आठव्या पिढीपासूनच अधिकृतपणे चालतं. ‘विंडोज ११ टाकून देतो’ या शब्दावर सातव्या पिढीचं यंत्र घेऊ नये.

पैसे देण्याआधी दुकानातच बॅटरी रिपोर्ट काढायला सांगावा. त्यात मूळ क्षमता आणि आता पूर्ण चार्ज झाल्यावरची क्षमता, दोन्ही दिसतात. दुसरी पहिलीच्या निम्म्यावर आली असेल, तर नव्या बॅटरीचे पैसे भावातून कापून घ्यावेत. जीएसटीच्या बिलावर सीरियल नंबर आणि वॉरंटीचे महिने लिहून घ्यावेत, तोंडी वॉरंटी धरू नये.

घरात सहाव्या पिढीचा लॅपटॉप पडून असेल, तर तो भंगारात देण्याची घाई नको. विंडोजऐवजी लिनक्स मिंट आणि ऑफिसच्या कामाला लिबरऑफिस फुकट मिळतात. प्रकल्प, प्रेझेंटेशन, मराठी टायपिंग सगळं होतं. मात्र टॅली शिकणाऱ्या कॉमर्सच्या मुलाला किंवा ऑटोकॅड लागणाऱ्या इंजिनिअरिंगच्या मुलीला विंडोजच लागेल.