चुंबक आणि नाणकपरीक्षा

जुनें नाणें किंवा ताम्रपट हातीं आला म्हणजे त्यास चुंबक लावून पाहण्याचा प्रघात संग्राहकांमध्यें आहे. चिकटलें तर खोटें, न चिकटलें तर खरें, असा निर्णयहि पुष्कळदा दिला जातो. हा निर्णय दोन्ही अंगांनीं सदोष आहे. त्यावर विसंबून बनावट वस्तु साधन म्हणून स्वीकारली, अथवा अस्सल वस्तु टाकून दिली, तर हानि इतिहासाची होते. म्हणून या विषयाचा थोडक्यांत विचार करण्याचें आम्हीं योजिलें आहे.

आपल्या रसग्रंथकारांस लोहचुंबक चांगला परिचित होता. रसरत्नसमुच्चयांत कान्तलोहाचे भ्रामक, चुंबक, कर्षक, द्रावक व रोमकान्त असे पांच प्रकार सांगितले आहेत. लोहास फिरवितो तो भ्रामक, त्यास चिकटतो तो चुंबक, ओढून घेतो तो कर्षक. सोनें, रुपें, तांबें यांवर चुंबकाचें काय कार्य होतें, हें कळावयास मात्र एकोणिसावें शतक उजाडावें लागलें.

नेहमींच्या उष्णमानांत चुंबकाकडे जोरानें ओढले जाणारे परिचित धातु तीनच: लोखंड, निकेल व कोबाल्ट. लोखंडहि सुमारें ७७० अंश सेंटिग्रेडपर्यंत तापविलें म्हणजे हा गुण गमावतें. सोनें, रुपें, तांबें व शिसें यांस चुंबक उलट किंचित् दूर लोटतो. फॅराडेनें १८४५ मध्यें हा दूर सरण्याचा गुण अनेक पदार्थांत दाखविला. परंतु तो इतका अल्प आहे कीं हातास जाणवत नाहीं.

तेव्हां न चिकटणें हें रुप्याचें लक्षण मानितां येत नाहीं. शिशाचें नाणेंहि चिकटत नाहीं. उलटपक्षीं १९४७ चा रुपया निकेलचा असल्यामुळें चिकटतो, तरी तो अस्सलच आहे. जुन्या तांब्यांत लोखंडाचा अंश राहून गेला असेल तर ताम्रपटासहि थोडी ओढ लागूं शकते.

चुंबक हालता ठेवला तर अधिक बोध होतो. फॅराडेनें १८३१ मध्यें दाखविलें कीं, हालत्या चुंबकामुळें धातूंत विद्युत्प्रवाह उत्पन्न होतात. हे प्रवाह त्या गतीस विरोध करितात. नाण्यावर पातळ कागद ठेवावा, म्हणजे ओरखडा पडणार नाहीं. मग तें तिरपें धरून त्यावरून लहान प्रबळ चुंबक घसरूं द्यावा. चांगल्या रुप्यावरून तो रेंगाळत उतरतो, शिशावरून झरकन् घसरतो. कारण शिशाची विद्युद्वाहकता रुप्याच्या सुमारें तेराव्या हिश्श्याइतकीच आहे. तुलनेसाठीं तितक्याच जाडीचें खात्रीचें नाणें जवळ असावें.

तांबें मात्र या गुणांत रुप्याच्या अगदीं जवळ आहे. म्हणून रुप्याचा मुलामा दिलेलें तांब्याचें नाणें या परीक्षेंतूनहि निसटतें. तेथें पाण्यांत वजन करून पाहावें: शुद्ध रुपें पाण्याच्या साडेदहा पट, तांबें सुमारें नऊ पट जड भरतें. ताम्रपटाचा काळ तर चुंबक मुळींच सांगत नाहीं. त्यासाठीं लिपि, भाषा व कालनिर्देश हींच तपासलीं पाहिजेत. संग्राहकांनीं प्रत्येक परीक्षेचें फळ वस्तूच्या टिपणांत स्वतंत्र नोंदवावें, अशी आमची सूचना आहे.