नक्कल आणि घडी

दौलताबादहून खुलताबादेकडे जाताना वाटेत कागजीपुरा लागतो. शतकानुशतके तेथे हाताने कागद बनत आला आहे. ज्या काळी असल्या कागदावर दफ्तरे चालत, त्या काळी मजकुराची नक्कल बिनचूक उतरली एवढ्यानेच दस्तऐवज सिद्ध झाला असे कोणी मानीत नसे. त्याची घडी पडावी लागे, त्यावर शिक्कामोर्तब व्हावे लागे, आणि मगच तो अंमलात येई. छत्रपती संभाजीनगरच्या, म्हणजे आपल्या औरंगाबादच्या, ज्या औद्योगिक वसाहतीने मानवी प्रथिनाच्या निर्मितीत देशात आपले नाव केले, त्या वाळूजची हकीकत अभ्यासताना ही जुनी रीत मला वारंवार आठवली.

ते प्रथिन म्हणजे इन्सुलिन. त्याचा मजकूर लहानसाच: 21 अमिनो आम्लांची एक शृंखला, 30 आम्लांची दुसरी, आणि गंधकाचे तीन बंध. गाईगुरांच्या इन्सुलिनचा हा मजकूर फ्रेडरिक सँगर यांनी अक्षर-अक्षर उलगडला, आणि त्यासाठी 1958 साली त्यांना रसायनशास्त्राचे नोबेल पारितोषिक मिळाले. त्याच वर्षी 23 ऑगस्टला औरंगाबादेत मराठवाडा विद्यापीठ स्थापन झाले. मधुमेह्यांना तेव्हा, आणि त्यानंतरही दोन तपांहून अधिक काळ, जे इन्सुलिन मिळे ते कत्तलखान्यांतून आलेल्या डुकरांच्या व गुरांच्या स्वादुपिंडांतून काढलेले असे. डुकराचे इन्सुलिन माणसाच्या इन्सुलिनहून एका आम्लाने निराळे, गाईचे तीन आम्लांनी. फरक अल्प खरा, पण काहींच्या शरीराला तोही सोसत नसे.

1978 साली कॅलिफोर्नियात आर्थर रिग्ज, केइची इटाकुरा आणि जेनेन्टेक कंपनीतील त्यांचे सहकारी यांनी इ. कोलाय या जिवाणूकडून मानवी इन्सुलिन करवून घेतले. त्यातली युक्ती सविस्तर सांगण्याजोगी आहे. दोन्ही शृंखलांची जनुके त्यांनी रासायनिक रीतीने बांधली आणि दोन निराळ्या जिवाणू-वाणांत घातली. पण एवढी आखूड, परकी शृंखला जिवाणू स्वतःच मोडून खातो, म्हणून ती त्याच्याच एका मोठ्या प्रथिनाच्या शेवटी जोडून दिली आणि सांध्यावर मेथिओनिन हे आम्ल ठेवले. सायनोजन ब्रोमाइड हे रसायन मेथिओनिनपाशीच साखळी तोडते, आणि मानवी इन्सुलिनात मेथिओनिन मुळीच नाही; त्यामुळे वाहक प्रथिन तुटून वेगळे झाले, तरी इन्सुलिनच्या शृंखलेला धक्का लागला नाही. प्रयोगशाळेतली इतकी सुबक योजना माझ्या वाचनात क्वचितच आली आहे. ऑक्टोबर 1982 मध्ये या मार्गाने बनलेल्या ह्युम्युलिनला अमेरिकेत औषध म्हणून परवानगी मिळाली.

नक्कल उतरली, घडीचे काम मात्र माणसाच्या हाती राहिले. जिवाणूच्या पेशीद्रवात गंधकाचे बंध सहसा जुळत नाहीत. म्हणून अशी प्रथिने बहुधा विस्कटलेल्या अवस्थेत गोळा होऊन अविद्राव्य गठ्ठे बनतात. ते युरियाच्या तीव्र द्रावणात विरघळवून, मग सावकाश विरल करीत, योग्य बंध जुळेपर्यंत धीर धरावा लागतो, आणि त्यात पुष्कळ माल वाया जातो. यीस्टचे तसे नाही. त्याच्या पेशीत प्रथिनाची घडी घालून ते बाहेर रवाना करणारी स्वतंत्र व्यवस्था असते. वोक्हार्ट कंपनीने हान्सेनुला पॉलिमॉर्फा हे मिथेनॉलवरही वाढणारे यीस्ट निवडले, आणि 2003 साली ‘वोसुलिन’ या नावाने तिचे मानवी इन्सुलिन बाजारात दाखल झाले. भारतीय कंपनीने बनवलेले असे हे पहिलेच. वाळूज येथे कंपनीचे बायोटेक पार्क उभे राहिले, आणि परदेशातून येणाऱ्या कुपीवर भिस्त ठेवणाऱ्या देशात हे औषध मराठवाड्याच्या मातीत तयार होऊ लागले.

संशोधकाला हेच प्रथिन निराळ्या कारणाने हवे असते. काचपात्रात वाढवलेल्या पेशींना रक्तद्रवाविना पोसायचे झाल्यास पोषकद्रवात इन्सुलिन घालतात. इतर अनेक मानवी प्रथिने अभ्यासासाठी अजूनही इ. कोलायमध्येच करतात: शेपटाला हिस्टिडिनची सहा अक्षरे जोडायची, निकेलच्या स्तंभावर ते धरायचे, मग इमिडाझोलने सोडवून घ्यायचे. 37 अंशांवर ज्याचे गठ्ठे होतात, तेच प्रथिन 18 अंशांवर जिवाणूला सावकाश वाढवल्यास कधीकधी नीट घडते; पुस्तकात हे एका ओळीत येते, परंतु हाताला ते कळायला आठवडे लागतात.

म्हणूनच वाळूजमधील कंपन्यांना आणि येथील विद्यापीठाच्या विज्ञानविभागांना माझी विनंती आहे. विज्ञानाच्या पदव्युत्तर विद्यार्थ्याला शिक्षण पुरे होण्यापूर्वी एकदा तरी, जिवाणूतून निघालेला तो पांढरा गठ्ठा स्वतः विरघळवून त्यातून घडी पडलेले, काम करणारे प्रथिन मिळवण्याची संधी द्यावी. आणि ज्यांनी हे काम कारखान्यात वर्षानुवर्षे केले, त्या अनुभवी मंडळींना ते शिकवण्यासाठी वर्गात बोलवावे.