बांधावरचा ऐन आणि शेजारची नाचणी

पोलादपूरहून आंबेनळी घाटाकडे पावसाळ्यात जाताना दोन प्रकारची शेती दिसते. खाली सावित्रीच्या खोऱ्यात पाण्याने भरलेली भातखाचरे, तर वर डोंगरउतारावर नाचणी-वरीची वरकस जमीन. दोन्हीकडे ऐन, किंजळ, आंबा अशी झाडे असतात. झाडाजवळचे पीक पुष्कळदा खुरटलेले, पिवळसर दिसते. मग ‘झाड जमिनीचा कस खाते’ असे म्हणून त्यावर कुऱ्हाड चालते. हा आरोप कितपत खरा आहे?

पीक खुरटण्यामागे सावली, पाणी आणि अन्नद्रव्ये अशी तीन कारणे असू शकतात. जुलै-ऑगस्टात इथे पाण्याची वाण नसते. उरतात सावली आणि अन्नद्रव्ये.

सर्वच अन्नद्रव्यांसाठी सारखी चढाओढ होत नाही. नायट्रेटच्या रूपातला नत्र पाण्यात विरघळून पाण्याबरोबर मुळाकडे वाहत येतो. त्यामुळे झाडाचे मूळ थोडे दूर असले तरी पिकाच्या वाट्याचा नत्र ओढू शकते. स्फुरदाचे तसे नाही. कोकणच्या तांबड्या मातीतली लोह व ॲल्युमिनियमची संयुगे त्याला घट्ट धरून ठेवतात. तो मुळाकडे सरकतो तो जेमतेम मिलिमीटर-दोन मिलिमीटर. दोघांची मुळे अगदी चिकटून असली, तरच स्फुरदासाठी झगडा होतो. म्हणजे भांडण मुख्यतः नत्राचे.

मुसळधार पावसात हाच नत्र धुपून खाली जातो. झाडाची खोल मुळे तो अडवतात आणि पानगळीतून वर परत देतात, असे पुस्तकांत आढळते. ते खरेही आहे, पण माती खोल असेल तिथे. पश्चिम केनियातील खोल तांबड्या जमिनीत १९९० च्या दशकात असे दिसले, की मक्याच्या मुळांखाली साठलेले नायट्रेट शेवरीची झाडे उचलतात. आपल्या वरकस उतारावर मात्र अनेक ठिकाणी वीत-दोन वीत मातीखाली मुरूम किंवा कातळ लागतो. तिथे झाडाची बरीचशी मुळे नाचणीच्याच थरात पसरतात. एकाच ताटात दोघे जेवू लागले, की ओढाताण आलीच. खाचरात चित्र वेगळे असते. तुंबलेल्या पाण्याखाली प्राणवायू नसतो, त्यामुळे बहुतेक झाडांची मुळे तिथे फारशी पसरत नाहीत. तिथल्या भाताला त्रास होतो तो मुख्यतः सावलीचा.

आपल्याकडच्या राबाच्या पद्धतीत या प्रश्नाचे अर्धे उत्तर आहे. ऐनाची कवळे तोडून, शेण-पाचोळ्यासह पसरून भाजली, की झाडाने गोळा केलेले पालाश, चुना व स्फुरद राखेतून रोपांना मिळते. फांद्या छाटल्याने सावली कमी होते आणि झाडाची काही बारीक मुळेही मरतात, म्हणजे चढाओढही थोडी ओसरते. तोटा असा, की पानांतला बहुतेक नत्र धुरात जातो. ज्याची ओढाताण सर्वांत जास्त, नेमके तेच द्रव्य आपण जाळतो! बांधावर गिरिपुष्प लावून त्याचा हिरवा पाला चिखलणीच्या वेळी गाडला, तर तो नत्र जमिनीत राहतो.

शाळेजवळ झाड असेल, तर मुलांना हे तपासता येईल. एकाच मातीने भरलेल्या, तळाशी बारीक छिद्रे असलेल्या पिशव्यांत नाचणीची रोपे लावा. काही पिशव्या झाडाखाली जमिनीत पुरा, काही उघड्यावर. झाडाखाली पिशव्यांशेजारी मोकळ्या जमिनीतही काही रोपे लावा. पिशवीतल्या रोपांना सावली लागते, पण झाडाची मुळे त्यांच्यापर्यंत पोचत नाहीत. मोकळ्या रोपांपैकी निम्म्यांना चिमूटभर युरिया द्या. दर आठवड्याला उंची मोजा, पानांचा रंग लिहून ठेवा.

झाडाखालची पिशवीतली रोपे उघड्यावरच्या रोपांइतकीच वाढली, तर सावलीवरचा आळ निघून जातो. ती खुरटली, तर दोष सावलीचा. फांद्या छाटणे पुरे. पिशवीतली चांगली आणि मोकळी खुरटलेली निघाली, तर दोष मुळांचा. युरियाने मोकळी रोपे हिरवी झाली, तर नत्राचा संशय पक्का होतो. मग झाड आणि पीक यांच्यामध्ये हातभर खोल चर खणून आडवी मुळे तोडता येतात किंवा पाल्याचे खत देता येते. झाड तोडण्याची पाळी यांपैकी कुठल्याच निष्कर्षात येत नाही.