पिवळी चोच उघडते तेव्हा

मे महिन्यातल्या त्या तीन-साडेतीन आठवड्यांना तंजावरात अग्निनक्षत्रम म्हणतात. सकाळी आठ वाजताच घराबाहेरच्या तिण्णैवर, म्हणजे आपल्या ओट्यावर, अनवाणी पाय ठेववत नाही. अशाच एका सकाळी, ऊन चढण्याआधी, मैत्रिणीच्या घरच्या तिण्णैवर मला काहीतरी पडलेलं दिसलं. चिंचेचं बुटुक असेल असं वाटलं. मग ते हललं.

साळुंकीचं पिल्लू होतं, तीन-चार दिवसांचं. अंगावर पीस नाही. डोळ्यांच्या जागी दोन निळसर फुगवटे. कातडी इतकी पातळ की पोटातलं सगळं सावलीसारखं दिसत होतं. वर पाहिलं तर वळचणीखाली भिंतीत मुठीएवढं भगदाड, त्यातून वाळक्या गवताच्या काड्या बाहेर आलेल्या.

मैत्रिणीच्या सासूबाईंना गल्लीतले सगळे अक्का म्हणतात. त्यांचं घराणं मराठी. १६७५च्या सुमारास व्यंकोजीराजांनी तंजावर घेतलं, त्यानंतर जी मराठी कुटुंबं इथे रुजली त्यांतलं एक. साडेतीनशे वर्षांत बोलीत तमिळ मिसळली, पण घरात अजून मराठी बोलतात. जेवणाआधी कावळ्याला भात ठेवायची तमिळ रीतही या घरात पक्की आहे. तेव्हा उपाशी पिल्लू दिसल्यावर अक्कांनी जे केलं ते त्यांच्या दृष्टीने अगदी सरळ होतं. एका हातात पाण्याची वाटी आणि कापसाचा बोळा, दुसऱ्या हातात कालवलेला दहीभात.

मी त्यांचा हात धरला. लहानपणी एक बुलबुलाचं पिल्लू मी असंच मायेने पाणी पाजून मारलेलं आहे.

पक्ष्याची चोच उघडली की जिभेच्या मुळाशी एक बारीक फट दिसते. ती श्वासनलिकेचं तोंड. आपल्या घशात गिळताना श्वासनलिकेवर झाकण पडतं, पक्ष्यांत तसलं झाकण नसतं. पिल्लाच्या तोंडात वरून थेंब सोडला की तो त्या फटीतून सरळ फुप्फुसात जाऊ शकतो, आणि आपण पाजतोय असं आपल्याला वाटत असताना ते बुडत असतं. घरट्यातल्या साळुंकीच्या पिल्लाला कुणी पाणी पाजत नाही. आई-बाप आणतात त्या किड्या-अळ्यांत जेवढा ओलावा असतो तेवढाच त्याला पुरतो. दूध आणि दही तर कुठल्याच पक्ष्याचं अन्न नाही, दुधातली साखर पचवायची सोय त्यांच्या पोटात नसते. अपवाद वाटावा असं एक दूध आहे, पारव्याचं आणि होल्याचं. त्यांच्या गळ्यातल्या पिशवीच्या अस्तरातून प्रथिनं आणि स्निग्धांशाने भरलेला दाट लगदा सुटतो, आणि तो आई आणि बाप दोघंही देतात. म्हणून होल्याचं पिल्लू चोच वासून बसत नाही, आपली चोच आई-बापाच्या तोंडात घालतं. कोणाचं पिल्लू आहे हे न ओळखता भरवायला बसलं की पहिल्याच घासाला चुकतं.

आणि त्या सकाळी तर घासाचाही प्रश्न नव्हता. उघड्या पिल्लाला स्वतःची ऊब तयार करता येत नाही. मोठ्या पक्ष्याचं अंग ४१ अंशांच्या आसपास तापलेलं असतं, पण पहिले काही दिवस पिल्लू सरड्यासारखं असतं, भोवतालचं जे तापमान तेच त्याचं. रात्रभर आणि पहाटे ते कुठे पडून होतं कुणास ठाऊक. हाताला गार लागत होतं. गार पिल्लाचं पोट चालत नाही, घास तसाच आत पडून सडतो. आधी ऊब, मग अन्न. मी ते दोन तळव्यांच्या मध्ये धरून बसले. दहा-बारा मिनिटांनी बोटांना टकटक जाणवायला लागली, सुटी सुटी मोजता येणार नाही इतकी जलद.

मग अक्कांनी सहज बोटाने माझ्या मनगटावर टिचकी मारली आणि जे झालं त्याने आम्ही दोघी दचकलो. मान ताठ झाली, डोक्याच्या दुप्पट वाटेल एवढी चोच उघडली आणि आतला पिवळाजर्द रंग उन्हात पेटल्यासारखा दिसला. डोळे मिटलेलेच.

त्या टिचकीचा अर्थ १९३९ साली निको टिनबर्गन आणि कुएनेन या दोघांनी युरोपातल्या कस्तुरांच्या पिल्लांवर शोधून काढला होता. आंधळ्या पिल्लाला आई दिसत नाही. घरट्याच्या काठावर कुणी बसल्याचा हादरा तेवढा कळतो. हादरा बसला की चोच उघडायची, आणि ती सरळ आकाशाकडे करायची. वर कुठे हे ते गुरुत्वाकर्षणावरून ओळखतं. गंमत पुढे आहे. डोळे उघडल्यावरही सुरुवातीला पिल्लू आई दिसली की चोच उघडतं, पण तोंड मात्र वरच करतं, आई बाजूला असली तरी. आईच्या डोक्याच्या दिशेला वळायची अक्कल आणखी काही काळाने येते. त्या दोघांनी मग पुठ्ठ्याच्या गोल धडाला एक लहान आणि एक मोठं अशी दोन डोकी लावून पिल्लांपुढे धरली. धड लहान असेल तर पिल्लं लहान डोक्याकडे वळली, धड मोठं असेल तर मोठ्या डोक्याकडे. म्हणजे त्या मटाराएवढ्या मेंदूत आईचा चेहरा नव्हता, धडाशी डोक्याचं प्रमाण होतं.

घास म्हणून उकडलेलं अंडं चाललं असतं, पण त्या घरात अंडं येत नव्हतं. शेजारच्या पोराने मागच्या परसातून दोन नाकतोडे आणले, मी त्यांचे पाय आणि पंख काढले, आणि चिमट्याने पहिला घास त्या पिवळ्या विहिरीत सोडला. गिळल्यावर पिल्लू तळव्यातच उलटं फिरलं, पार्श्वभाग उचलला, किंचित थरथरलं, आणि एक पांढरी पुरचुंडी बाहेर आली. ओली नाही, चिकट नाही. शिंपल्यासारख्या चकचकीत पापुद्र्यात नीट बांधलेली. हातात उचलली तरी फुटली नाही.

या पुरचुंडीबद्दल मी किती वर्षं वाचून होते, ती पाहिली त्या दिवशी. चार-पाच पिल्लं एका भगदाडात तीन आठवडे राहतात, आणि घरटं घाण होत नाही, ते यामुळे. आई-बाप घास भरवतात आणि त्याच खेपेत पुरचुंडी चोचीत धरून दूर नेऊन टाकतात. पहिल्या काही दिवसांत काही जातींतले आई-बाप ती खाऊनच टाकतात, कारण इवल्या आतड्यातून बरंच अन्न न पचता निघून आलेलं असतं आणि ते वाया जाऊ देण्याइतकी सुबत्ता त्यांच्याकडे नसते. घास देणं आणि मळ नेणं ही एकाच क्रियेची दोन टोकं आहेत, म्हणून तर पिल्लू बरोबर घास गिळल्यावरच फिरतं. मी तळव्यावरची ती पुरचुंडी बघत होते. अक्का म्हणाल्या, एवढं शहाणपण माणसाच्या पोराला असतं तर!

खरोखरच अनाथ झालेलं पिल्लू वाढवायचं तर हे सगळं माणसाला करावं लागतं, तेही उजाडल्यापासून अंधार पडेपर्यंत दर वीस-तीस मिनिटांनी. चिमणीचं पिल्लू अंड्यातून निघतं तेव्हा दोन-तीन ग्रॅमचं असतं आणि पंधरवड्यात वीस ग्रॅमच्या पुढे जाऊन घरटं सोडतं. एवढा वेग भाताच्या शितांवर येत नाही. दाणे खाणारी चिमणीसुद्धा पिल्लांना किडेच भरवते. भातावर वाढवलेलं पिल्लू जगलं तरी हाडं मऊ राहतात, पाय फेंगडे होतात, पिसं मोडतात. पिसाची तर वेगळीच कथा आहे. मोठ्या पक्ष्याचं गळलेलं पीस उजेडात तिरकं धरलं तर आडवे फिकट-गडद पट्टे दिसतात. साधारण एका दिवसाला एक जोडी. पट्टा रुंद, तर त्या दिवशी पोट भरलेलं होतं. आणि जिथे उपासमार झाली किंवा मोठी भीती बसली, तिथे पिसावर पारदर्शक रेघ उमटते, पीस पुढे तिथेच तुटतं. तुम्ही रविवारी लग्नाला गेलात आणि पिल्लू दुपारभर उपाशी राहिलं, तर तो रविवार त्याच्या पंखावर लिहिला जातो.

अशी निगा राखणारी माणसं झाली आहेत. १९४० साली, महायुद्ध चालू असताना, लंडनजवळ क्लेअर किप्स या बाईंना दारात चिमणीचं उघडंबंब पिल्लू सापडलं. त्यांनी ते वाढवलं आणि तो चिमणा बारा वर्षं जगला. पण तो कधी चिमण्यांत गेला नाही. मला या गोष्टीत त्या बाईंच्या मायेइतकीच ही उणीवही दिसते.

कारण घास देता येतो, गाणं देता येत नाही. केंब्रिजच्या थॉर्प यांनी १९५०च्या दशकात चॅफिंच नावाच्या पक्ष्याची पिल्लं मोठ्यांचा आवाज कानावर पडू न देता वाढवली. मोठी झाल्यावर ती गायली, पण ते गाणं मोडकं आणि साधं होतं. गाणाऱ्या पक्ष्यांची पिल्लं लहानपणी ऐकतात, मनात ठेवतात आणि महिन्यांनी ते आठवून रियाज करतात. आपल्या घरात वाढलेली साळुंकी मग शिट्टी आणि दाराची घंटा शिकते. आपल्याला ते कौतुकाचं वाटतं. साळुंक्यांना ते कळत नाही.

कोकीळ मात्र या नियमाबाहेर आहे. कावळ्याच्या घरट्यात डोळे उघडतो, कावळ्याच्या चोचीतून खातो, काव काव ऐकत मोठा होतो, आणि वेळ आली की कुहूच म्हणतो. त्याचं गाणं त्याच्या रक्तातच असतं. परक्याने पोसलेला म्हणून संस्कृतात त्याला परभृत म्हणतात, आणि ज्यांनी हा शब्द घडवला त्यांनी आंब्याखाली बसून फार बारकाईने पाहिलं असणार. याच भाषेत उलटी गोष्टही आहे. महाभारतात वनात टाकून दिलेल्या एका तान्ह्या मुलीला पाखरांनी राखलं, शकुंतांनी राखलेली म्हणून कण्वांनी तिचं नाव शकुंतला ठेवलं.

माणसाची ओळख पिल्लाच्या मनावर बसू नये म्हणून शास्त्रज्ञ काय काय करतात ते पाहिलं की या गोष्टीचा गंभीरपणा कळतो. १९८२ साली कॅलिफोर्नियातल्या काँडर गिधाडांची संख्या २२वर आली होती. अंडी उबवून निघालेल्या पिल्लांना सान दिएगोच्या प्राणिसंग्रहालयात काँडरच्या डोक्याची कठपुतळी हातात घालून भरवलं, माणसाचा चेहरा दिसू दिला नाही. १९९२पासून ते पक्षी परत आकाशात सोडले जाऊ लागले. आपल्याकडे मात्र २०१९पासून जैसलमेरजवळ सम इथे माळढोकाची अंडी वाळवंटातून आणून उबवली जातात आणि पिल्लं हातावर वाढवली जातात. सोलापूरच्या नान्नजच्या माळावर ज्यांनी माळढोक पाहिला असेल त्यांना यातली घालमेल सांगायला नको.

तंजावरला पाखरांकडे निरखून बघायची सवय जुनी आहे. सरफोजीराजांनी, म्हणजे १७९८ ते १८३२ इथे गादीवर असलेल्या दुसऱ्या सरफोजींनी, चित्रकारांकडून पशुपक्ष्यांची चित्रं काढून घेतली. त्यांतला एक संग्रह आज लंडनच्या ब्रिटिश लायब्ररीत आहे. 

अकराच्या सुमारास समोरच्या नारळावर दोन साळुंक्या येऊन बसल्या. एकीच्या चोचीत हिरवी अळी होती. ती ओरडत होती आणि भगदाडाकडे न जाता आमच्याकडे बघत होती. म्हणजे पिल्लू अनाथ नव्हतंच. अनाथ म्हणून उचललेली कितीतरी पिल्लं तशी नसतात. अक्कांना एकच शंका होती, माणसाने शिवलेल्या पिल्लाला आई परत घेईल का? महाराष्ट्रातही घरोघरी हेच सांगतात, शिवलेल्या चिमणीला बाकीच्या टोचून मारतात म्हणून. तसं होत नाही. आपल्या हाताच्या वासावरून पक्षी पिल्लू टाकत नाहीत. चोच उघडून मागणारं पिल्लू समोर असलं की त्यांना भरवावंच लागतं. पिंडाला कावळा न शिवण्याची काळजी वाहणाऱ्या आपल्या समाजाने पाखरांच्या माथी आपलाच विटाळ मारला आहे, असं मला वाटतं.

वायरमनची शिडी आणली. भगदाडात आणखी तीन पिवळ्या चोची होत्या, शिडीचा हादरा बसताच तिन्ही उघडल्या. चौथं आत ठेवलं, शिडी काढली आणि आम्ही दाराआड उभ्या राहिलो. सातव्या मिनिटाला अळी आत गेली. बाहेर येताना साळुंकीच्या चोचीत पांढरी पुरचुंडी होती.

आता तुमच्यासाठी. पंख फुटलेलं, आखूड शेपटीचं पिल्लू जमिनीवर टुणटुण उड्या मारत असेल तर ते पडलेलं नाही, उडायला शिकतंय. मांजर-कुत्रं लांब ठेवा आणि दुरून बघा. उघडं पिल्लू सापडलं तर ऊब द्या, पाणी देऊ नका, आणि घरटं शोधून परत ठेवा. आई-बाप खरंच नसतील किंवा ते जखमी असेल तर वनखात्याला कळवा. महाराष्ट्रात १९२६ हा क्रमांक आहे. रानपाखरू घरात पाळणं १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने गुन्हा आहे, पोपट आणि साळुंकी धरून. आणि घरटंच मोडून पडलं असेल तर एका लहान टोपलीत वाळकं गवत घालून ती त्याच झाडाला, होता होईल तेवढी जुन्या जागेजवळ बांधा. टोपलीच्या तळाला भोकं पाडायला विसरू नका, वळवाचा पाऊस आला की पाणी साचतं.