शेवट नसलेल्या बातम्या

चोवीस तासांच्या वृत्तवाहिन्यांची जन्मकथा वाचकांना ठाऊक आहे, ती उगाळत नाही. ‘आज तक’ ३१ डिसेंबर २००० ला सुरू झाली आणि महिना उलटायच्या आत भुजचा भूकंप झाला. २००१ च्याच सप्टेंबरमध्ये न्यूयॉर्कचे मनोरे कोसळले. ते कोसळणं आपण किती वेळा पाहिलं, याची मोजदाद कुणीच ठेवली नाही. मराठी वाहिन्या २००७-०८ मध्ये आल्या आणि लगोलग त्यांच्यापुढे २६ नोव्हेंबरचा मुंबईवरचा दहशतवादी हल्ला उभा राहिला.

त्या साठ तासांबद्दल मात्र मला सविस्तर बोलायचं आहे. बुधवारी रात्रीपासून शनिवारी सकाळपर्यंत महाराष्ट्र टीव्हीसमोर बसून होता. कमांडो हेलिकॉप्टरमधून नरिमन हाऊसच्या गच्चीवर उतरले, तेही आपण थेट पाहिलं. सीमेपलीकडचे सूत्रधार तीच दृश्यं पाहून फोनवरून हुकूम सोडत होते. सर्वोच्च न्यायालयाने २०१२ च्या कसाब निकालात वाहिन्यांना त्याबद्दल खडे बोल सुनावले.

आमच्या व्यवसायातले काही विद्वान म्हणतात, लोकांना रक्त बघायची चटक असते. नको असेल तर रिमोट त्यांच्याच हातात आहे. मला हे साफ अमान्य आहे. त्या रात्री माझ्या चाळीतल्या बायका जेवणाची ताटं तशीच ठेवून बसल्या होत्या, त्या चटक लागली म्हणून नव्हे. कुणाचा मुलगा व्हीटीवरून गाडी पकडणार होता, कुणाचा दीर ताजच्या मुदपाकखान्यात होता. पुढच्या मिनिटाला काहीतरी कळेल, या आशेने माणूस बसतो. वाहिनी त्या आशेवरच चालते. नवीन काही हाती नसलं तरी लाल पट्टी फिरत राहते.

याउलट आकाशवाणी पुणे केंद्राच्या सकाळी सात वाजून पाच मिनिटांच्या प्रादेशिक बातम्या आठवा. सुधा नरवणे यांचा तो स्वर, आणि दहा मिनिटांत बातम्या संपल्या. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, आदल्या दिवशीचं गणेश विसर्जन आटोपून गाव झोपलेलं असताना भूकंपात किल्लारी जमीनदोस्त झाली. आम्ही ती संध्याकाळी दूरदर्शनच्या सातच्या बातम्यांत पाहिली. प्रदीप भिडे यांच्या आवाजात दुःख होतं, पण घाई नव्हती. बातम्या संपल्या, टीव्ही बंद झाला आणि आमच्या गल्लीतली पोरं धान्य, जुने कपडे, चादरी गोळा करायला बाहेर पडली. त्या मर्यादेने माणसाला मोकळं केलं, असं मी तेव्हापासून ठासून सांगत आलो आहे.

ती मर्यादा नसली की काय होतं? बोस्टन मॅरेथॉनच्या स्फोटांनंतर अमेरिकेत झालेली पाहणी २०१४ साली प्रसिद्ध झाली. स्फोटांनंतरच्या आठवड्यात रोज सहा तास किंवा अधिक काळ माध्यमांत बुडालेल्यांमध्ये मानसिक ताणाची लक्षणं प्रत्यक्ष घटनास्थळी असलेल्यांपेक्षाही जास्त आढळली.

आपल्याकडे २०१५ मध्ये केबल नियमांत दुरुस्ती झाली. दहशतवादविरोधी कारवाईचं थेट चित्रण बंद झालं, नेमलेल्या अधिकाऱ्याने ठरावीक अंतराने माहिती द्यावी असं ठरलं. ते योग्यच झालं. पण त्यात सुरक्षा दलांचा विचार आहे, घरात बसलेल्या माणसाचा नाही. जून २०२५ मध्ये अहमदाबादला विमान पडलं, तेव्हा तेच आगीचे लोळ दिवसभर फिरत होते आणि मृतांच्या नातेवाइकांसमोर माइक धरले जात होते. ठरावीक अंतराने माहिती देण्याची तीच पद्धत पूर, दरड, अपघात यांनाही लावा. दर दोन तासांनी एक बातमीपत्र पुरे.