नवा क्षेत्र-सहायक निवडताना प्रात्यक्षिकाची कसोटी घ्यावी

पेरणीपूर्वी सोयाबीनचे १०० दाणे ओल्या गोणपाटात ठेवून त्यांची उगवण तपासण्याची रीत शेतकरी बांधवांच्या परिचयाची आहे. माणसाची निवड करताना मात्र अशी दक्षता पुष्कळदा घेतली जात नाही.

केंद्र शासनाने २०२० साली १०,००० शेतकरी उत्पादक संघटना उभारण्याची योजना हाती घेतली. अशा संघटनांना मातीचे नमुने घेणे, फवारणीची मात्रा समजावून देणे इत्यादी कामांसाठी तरुण नेमावे लागतात. नुकतीच पदविका घेतलेल्या उमेदवारापाशी अनुभवाचा दाखला नसतो. केवळ गुणपत्रक व थोडी प्रश्नोत्तरे यांवर निवड केल्यास बोलका उमेदवार पुढे जातो आणि अबोल परंतु कामात हुशार असलेला मागे पडण्याचा संभव असतो. निवड चुकल्यास तिची झळ सभासदांना पोहोचते. मातीचा नमुनाच सदोष असेल, तर त्यावरून मिळालेली खताची शिफारसही भरवशाची राहत नाही.

यासाठी मुलाखतीच्या दिवशी प्रत्येक उमेदवारास तासाभराचे प्रात्यक्षिक द्यावे. शेताचा एक तुकडा दाखवून त्यातून मातीचा नमुना घेण्यास सांगावे. उमेदवार बांध, झाडाखालची जागा व खताचा ढीग टाळतो काय, वरचा पालापाचोळा बाजूस सारून इंग्रजी ‘व्ही’ आकाराचा सुमारे २० सें.मी. खोल खड्डा घेतो काय, अनेक ठिकाणची माती एकत्र करून तिचे चार भाग पाडतो व समोरासमोरचे दोन भाग टाकून देत अर्धा किलो माती राखतो काय, आणि पिशवीत गट क्रमांकाची चिठ्ठी घालतो काय, हे पाहावे.

त्यानंतर लहानसा हिशेब विचारावा. लिटरला २ मि.लि. मात्रा असल्यास १६ लिटरच्या पंपास औषध किती? उत्तर ३२ मि.लि. यावयास हवे. पंप चालवून पाहावयाचा असल्यास त्यात केवळ स्वच्छ पाणी घ्यावे. कीटकनाशक कदापि देऊ नये.

गुण कशास किती, हे आधीच कागदावर लिहून ठेवावे. सर्वांना तेच काम व तेवढाच वेळ द्यावा आणि दोन परीक्षकांनी स्वतंत्रपणे गुण द्यावेत. जी गोष्ट नेमणुकीनंतर आठवडाभरात शिकविता येईल, तिच्या अभावी उमेदवारास बाद करू नये. चूक दाखविल्यावर तो ती कशी सुधारतो, यासही गुण असावेत.

कसोटीच्या नावाखाली फुकट काम करून घेणे सर्वथा अनुचित होय. दहा उमेदवारांकडून दहा सभासदांच्या शेतांचे नमुने गोळा करवून मग एकासच नेमणे, ही कसोटी नसून वेठ आहे. काम तासाभराहून अधिक असेल, तर त्याची मजुरी व प्रवासखर्च द्यावा. दूरच्या गावाहून एस.टी.ने येणाऱ्या गरीब मुलास त्यावाचून संधीच उरत नाही.

प्रात्यक्षिक म्हणजे सर्वस्व नव्हे. श्मिट व हंटर या अमेरिकी अभ्यासकांनी १९९८ साली घेतलेल्या आढाव्यात कामाचा नमुना पाहण्याची पद्धत अग्रस्थानी ठरली होती. २०२२ साली सॅकेट व सहकाऱ्यांनी केलेल्या फेरतपासणीत तो अंदाज खाली आला आणि ठरावीक प्रश्नांची आखीव मुलाखत वरचढ ठरली. म्हणून दोहोंची जोड द्यावी. प्रात्यक्षिक संपताच, ‘हा खड्डा येथेच का घेतला?’ असे प्रत्येकास विचारावे. उत्तरावरून त्याची समज कळेल, आणि न निवडलेल्या उमेदवारासही आपले कोठे उणे पडले हे सांगता येईल.